खणात पडलेला मोबाईल तारे शोधायला कसा लावायचा

मालवणात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन फुटलेला फोन "ठेव तुकाच" म्हणून टाकून जाणारी गिऱ्हाईकं बरीच. त्यातले दोन फोन सध्या रात्री घरी पल्सार, म्हणजे गरागरा फिरत ठरावीक ठेक्यात रेडिओ संकेत देणारे मेलेले तारे, शोधतात.

आधी सिम काढा आणि फोन फॅक्टरी रिसेट करा. मग बोइंकच्या (लोकांचे रिकामे कॉम्प्युटर आणि फोन शास्त्रज्ञांच्या कामाला लावणारं ॲप) स्वतःच्या साइटवरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल, घ्या. बर्कली विद्यापीठात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर २०१३ पासून अँड्रॉइडवर चालतं; आयफोनवाल्यांनी नाद सोडावा. ॲप उघडलं की प्रकल्पांची यादी येते. एकच निवडा. चार प्रकल्प घेतलेत की फोन एकाचंही काम मुदतीत देत नाही.

मी आइनस्टाईन ॲट होम घेतलं. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोची प्रचंड रेडिओ दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली, पण तिने टिपून ठेवलेले रेडिओ संकेत चाळायचं काम उरलंच होतं. याच प्रकल्पात लोकांच्या घरातल्या कॉम्प्युटरांनी २०१० साली त्या संकेतांतून एक नवा पल्सार काढून दाखवला. फोनकडे त्यातला एक लहानसा तुकडा येतो, फोन तो तपासून परत पाठवतो. तोच तुकडा आणखी एकाकडेही गेलेला असतो; दोघांची उत्तरं जुळली तरच धरतात.

आता सेटिंग. चार्जर लावलेला, स्क्रीन बंद, बॅटरी ९० टक्क्यांच्या वर आणि तिचं तापमान ४० अंशांच्या आत असेल तरच काम चालतं, हे मुळातच तसं ठरवलेलं आहे. ते ४० बदलू नका. मी बदललं होतं. मे महिन्यात आमच्याकडे रात्रीसुद्धा अंगाला घाम असतो. फोन दर पाच मिनिटांनी थांबायचा. वैतागून मर्यादा ४८ केली आणि फोन कव्हरासकट फ्रिजवर ठेवून झोपलो. सकाळी बघतो तर बॅटरी फुगून पाठ उचकटलेली. दुसऱ्यांच्या फुगलेल्या बॅटऱ्या रोज काढणारा मी!

उपाय साधा आहे: ॲपला दिलेले कोअर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे भाग, कमी करा. आठ कोअरच्या फोनला मी दोनच देतो. काम सावकाश होतं, पण थांबत नाही. कव्हर काढा, माजघरातल्या लादीवर स्टीलचं ताट उपडं घाला आणि फोन त्यावर ठेवा. आर्द्रतेच्या भीतीने डब्यात कोंडू नका. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या पिनवर हिरवं चढतं, ते महिन्यातून एकदा फोन बंद करून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने पुसा.

पावसात लाईट जाते, सोबत वायफायही. नेटची गरज फक्त काम आणताना आणि पाठवताना, त्यामुळे ते गेलं तर बिघडत नाही. लाईट मात्र हवी, आणि ती आल्यावरही बॅटरी ९० वर चढेपर्यंत फोन गप्प बसतो. तो बिघडला समजून ॲप काढून टाकू नका.

सकाळी मिक्सर लावायला आई चार्जर उपटते. "मेल्या, रात्रभर ह्या कोणाचा काम?" एवढं विचारून ती वाटप वाटायला घेते. केलेलं काम मधूनमधून साठवलं जातं, त्यामुळे रात्री चार्जर लावला की फोन पुन्हा तिथूनच पुढे सुरू होतो.