गॅस आणि पेट्रोल गळतीची वर्दी: जवानांनो, या चुका टाळा

गळतीची वर्दी आली की पहिली चूक बंब उभा करतानाच होते. टँकर समोर आडवा पडलेला असतो, रस्ता मोकळा दिसतो आणि ड्रायव्हर सवयीने गाडी थेट त्याच्या शेजारी नेतो. इमारतीच्या आगीत ही सवय ठीक, इथे ती जिवावर बेतते. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड, एलपीजी दीड ते दोन पट. दोन्ही जमिनीला चिकटून उताराकडे सरकतात. त्यात बंब शिरला तर डिझेल इंजिन हवेबरोबर ती वाफही ओढून घेतं, आपोआप रेस होतं आणि किल्ली फिरवूनही बंद होत नाही. आग विझवायला आलेली गाडीच आग लावून जाते.

वारा पाठीवर आणि आपण चढावर, अशी जागा धरा. घाटात वारा सारखा फिरतो, म्हणून एका माणसाला फक्त वाऱ्याकडेच लक्ष ठेवायला लावा. पेट्रोल सांडलं असेल तर सुरुवातीला चहूबाजूंनी किमान ५० मीटर मोकळे ठेवा, एलपीजी गळत असेल तर १०० मीटर. टाकीलाच आग वेढत असेल तर पेट्रोल टँकरसाठी ८०० मीटर आणि गॅस टँकरसाठी १६०० मीटर. शेवटचा आकडा ऐकून बघे हसतात. हसू द्या.

टँकरवरची पाटी न वाचता पाइप उघडणं

‘पेट्रोल असेल’ हा अंदाज पुरत नाही. मागच्या आणि बाजूच्या पाटीवर चार अंकी क्रमांक असतो: १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ एलपीजी, ११७० इथेनॉल, १२३० मिथेनॉल. त्याच पाटीवरच्या कोडचा पहिला अंक काय मारायचं ते सांगतो. १ असेल तर पाण्याचा जेट, २ असेल तर स्प्रे, ३ असेल तर फोम, ४ असेल तर पाणी अजिबात नाही, कोरडं माध्यम. शेवटी ‘ई’ असेल तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करा. दुर्बीण असेल तर हे सगळं लांबूनच वाचता येतं. क्लीनर किंवा ड्रायव्हर शुद्धीत असेल तर आधी त्याला गाठा, कागदपत्रं त्याच्याकडेच असतात.

पांढरं धुकं म्हणजेच गॅस, असं मानणं

एलपीजी बाहेर पडताना हवा इतकी गार होते की तिच्यातल्या बाष्पाचं धुकं बनतं. आपल्याला दिसतं ते हे धुकं. पेटू शकणारा गॅस त्याच्या कडेच्या बराच पुढे गेलेला असू शकतो आणि तो दिसत नाही. हवेत साधारण २ टक्के एलपीजी मिसळला तरी तो पेट घेतो.

म्हणून गॅस मोजणारा डिटेक्टर. पण तोही नीट धरावा लागतो. एलपीजी आणि पेट्रोलसाठी घोट्याच्या उंचीवर, पाइपच्या नैसर्गिक गॅससाठी छताजवळ, कारण तो हवेपेक्षा हलका. छातीला अडकवलेला डिटेक्टर शांत आहे म्हणून गॅस नाही, असं होत नाही. स्क्रीनवरचे १० म्हणजे हवेत १० टक्के गॅस नव्हे, तर पेटण्याच्या किमान पातळीचे १० टक्के. साधारणपणे तिथूनच मागे फिरायचं असतं. आणखी एक फसगत: काही डिटेक्टरांत आकडा सर्रकन वर जातो आणि मग खाली उतरतो. गॅस कमी झाला म्हणून नव्हे, तर गॅस इतका दाटला की सेन्सरला ऑक्सिजन पुरेना. खाली आलेला आकडा बघून जो पुढे पाऊल टाकतो, तो सगळ्यात दाट गॅसमध्ये शिरतो.

गॅसची ज्वाळा विझवण्याची घाई

मला विचाराल तर या यादीत सगळ्यात घातक चूक हीच. व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर ज्वाळा विझवायची नाही. जळणारा गॅस निदान कुठे आहे ते दिसतं. विझवला की तोच गॅस न जळता पसरतो आणि पन्नास पावलांवरच्या चहाच्या टपरीवर पेटतो. ज्वाळा जळू द्या, टाकी थंड ठेवा. व्हॉल्व्हपर्यंत जायचंच असेल तर दोन ब्रँच (पाइपाच्या तोंडाच्या तोट्या) फॉगवर, म्हणजे बारीक तुषारांवर, ठेवून, त्या आडोशाने, प्लँटच्या जाणकाराला सोबत घेऊन जा. परत येतानाही आगीला पाठ दाखवायची नाही.

टाकी थंड करायची म्हणजे कुठे पाणी मारायचं? टाकीच्या आत जिथवर द्रव आहे तिथवर तो पत्र्याची उष्णता शोषून घेतो. त्याच्या वरच्या भागात नुसती वाफ असते, तिथला पत्रा भराभर तापून मऊ पडतो. सेफ्टी व्हॉल्व्ह व्यवस्थित चालू असूनही टाकी फाटते ती तिथेच, म्हणून पाणीही तिथेच मारा. फ्रान्समध्ये फेझँ इथे ४ जानेवारी १९६६ ला प्रोपेनची गोल टाकी पेटली. सेफ्टी व्हॉल्व्ह ती टाकी सांभाळेल या भरवशावर सगळा जोर शेजारच्या टाक्या थंड करण्यावर दिला गेला. दीड तासाने पेटलेली टाकी फुटली, १८ माणसं गेली. अमेरिकेत किंगमन इथे ५ जुलै १९७३ ला प्रोपेनची रेल्वे वॅगन पेटली आणि सुमारे वीस मिनिटांत फुटली, त्यात ११ अग्निशामक मेले. म्हणजे पाण्याची सोय लावेपर्यंतच कधीकधी वेळ संपलेला असतो.

पुरेसं पाणी नसेल, व्हॉल्व्हचा आवाज चढत चालला असेल, टाकीचा रंग पालटत असेल, तर मॉनिटर (पाण्याची तोफ) तसाच चालू सोडून सगळ्यांनी मागे यायचं. टाकीच्या दोन्ही टोकांना तर कधीच उभं राहू नका, पण बाजूला उभं राहिलं म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमजच. तुकडे कुठेही उडतात.

फोम कसाही मारणं

पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे जेट मारला की आग विझत नाही, लांब पोचते. फोम हवा. पण तोही थेट पेट्रोलमध्ये खुपसायचा नाही. समोर जमिनीवर मारून पुढे सरकू द्या किंवा टँकरच्या अंगावर मारून खाली ओघळू द्या. एकदा थर बसला की त्यावर दुसऱ्या बाजूने पाणी मारणारा उत्साही गडी आवरा. थरातून चालतही जाऊ नका, बुटाने तो फाटतो आणि वाफ वर येते.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर या बाजूला, इथेनॉलचे टँकर रोजचे. साधा फोम इथेनॉलवर टिकत नाही, विरघळून जातो. त्याला अल्कोहोल-रोधक फोम लागतो. इथेनॉलची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसतही नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्येही २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, तेव्हा स्टेशनवरचे फोमचे कॅन कोणते आहेत ते वर्दी येण्याआधीच बघून ठेवा.

गटार आणि गर्दी विसरणं

सांडलेलं कुठे वाहतंय? वाळू-मातीचा बांध घाला, चेंबरची झाकणं बंद करा. भुसा नको, तो स्वतः जळतो. १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ केमिकलचा टँकर पेटला, तेव्हा जळतं द्रव्य पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि तिथून जाणारे लोक त्यात सापडले. पुलाखालचा रस्ता बंद करायला पोलिसांना पहिल्या मिनिटाला सांगा. आणि कॅन घेऊन धावणारी गर्दी हटवा: पाकिस्तानात बहावलपूरजवळ २५ जून २०१७ ला उलटलेल्या टँकरमधलं तेल भरून घेताना दोनशेहून अधिक लोक जळून गेले.

घरातला सिलिंडर

बटण चालू करू नका, बंदही करू नका, वीज बाहेरून तोडा. आडवा पडलेला सिलिंडर उभा करा, म्हणजे द्रवाऐवजी नुसती वाफ गळते, आणि द्रवाची वाफ झाली की ती अडीचशे पट पसरते. रेग्युलेटर काढून सेफ्टी कॅप लावा, सिलिंडर उघड्यावर न्या. १९०६ वर कळवा.

काम झालं असं समजणं

दुसऱ्या टँकरमध्ये माल उपसताना स्थिर विजेची ठिणगी पडते, म्हणून दोन्ही टाक्या तारेने जोडून अर्थिंग आधी, पंप नंतर. उपसा संपेपर्यंत फोमचा थर विरळ झाला की पुन्हा द्या, ब्रँच भरलेलीच ठेवा. पेट्रोलने भिजलेला सूट घालून बंबाच्या केबिनमध्ये बसू नका. तो तिथेच पाण्याने धुऊन उतरवा, पिशवीत बांधा आणि केबिनबाहेर ठेवून न्या.