वाद्यासाठी माईक घेताय? आधी तो कुठून बहिरा आहे ते बघा

माईक घ्यायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "लांबचं खेचतो का?" आणि दुकानदार पण मान हलवतो. अहो, माईक काही खेचत बिचत नाही. डायरेक्शनल माईक म्हणजे काही बाजूंनी कमी ऐकणारा माईक, एवढंच. त्यामुळे वाद्याकडे तोंड करून कोणताही बरा माईक चालतो, खरा फरक पडतो तो त्याची बहिरी बाजू कुठे येते त्याने.

हे मला पंचवटीत एका भजनाच्या कार्यक्रमात कळलं. दगडी भिंतींचा सभामंडप, खाली फरशी, म्हणजे आवाज आधीच गरागरा फिरणार. पखवाजाला नवीन सुपरकार्डिओइड (डायरेक्शनल माईकचाच एक प्रकार) आणला होता हौसेने, आणि मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, ठेवला माईकच्या बरोब्बर मागे, कारण शुअर कंपनीच्या एसएम ५७ या कार्डिओइड प्रकारच्या माईकला नेहमी तसाच ठेवायचो. बुवांनी आलाप घेतला की माईकची शिट्टी सुरू. मी ट्रेबल कमी कर, व्हॉल्यूम पाड, बुवा माझ्याकडे बघतायत, मी मिक्सरकडे. मग एका टाळकरी काकांना मांडी घालायला जागा होईना म्हणून त्यांनी पायानेच मॉनिटर बाजूला सरकवला आणि शिट्टी बंद! श्रेय मी घेतलं ती गोष्ट वेगळी.

कारण सोपंय. घड्याळ डोळ्यासमोर आणा, माईकचं तोंड १२ वर. कार्डिओइड सगळ्यात बहिरा असतो ६ वर, म्हणजे सरळ पाठीमागे. सुपरकार्डिओइड बहिरा असतो साधारण ४ आणि ८ वर (नेमकं सांगायचं तर १२६ अंशाच्या आसपास), आणि सरळ पाठीमागून मात्र त्याला थोडं ऐकू येतं. हायपरकार्डिओइडचं अजून बाजूला, ११० अंशाजवळ, आणि पाठीमागचं त्याहून जास्त ऐकतो. फिगर एटला, म्हणजे इंग्रजी 8 च्या आकारात ऐकणाऱ्या माईकला, पुढून मागून सारखंच ऐकू येतं, ३ आणि ९ वर तो ठार बहिरा.

आता तुमचं तुम्ही ठरवा. वादकासमोर जमिनीवर एकच मॉनिटर आणि माईक पण समोरूनच येतोय, तर साधा कार्डिओइड घ्या, एसएम ५७ १९६५ पासून उगाच चालत नाहीये. मॉनिटर दोन बाजूंना असतील किंवा शेजारीच टाळवाला बसत असेल तर सुपरकार्डिओइड, कारण कार्डिओइड बाजूचा आवाज फक्त ६ डेसिबलने पाडतो आणि सुपर जवळपास ९ ने. स्टेजवर हा ३ डेसिबलचा फरक चांगला जाणवतो. शॉटगन, म्हणजे लांब नळीचा माईक, वाद्यासाठी घेऊच नका, ती नळी वरच्या स्वरांनाच नीट दिशा देते, खालचे स्वर चहूकडून येत राहतात आणि बंद खोलीत आवाज विचित्र होतो.

दुसरी गोष्ट जवळिकीची. डायरेक्शनल माईक वाद्याच्या जितका जवळ तितका बेस फुगतो. डग्ग्याला २ इंचावर माईक लावला की नुसता ढुम्म, घिस्सा (तळहात घासून काढलेली मींड) कुठे गेला कळतच नाही, तोच ७-८ इंच लांब करा, मींड स्वच्छ ऐकू येते. तबल्याला मी शक्यतो एकच माईक लावतो, दोन्हीच्या मध्ये, फूटभर वरून, किंचित तबल्याकडे झुकवून म्हणजे चाट (काठावरचा आवाज) पण येते. दोन लावायचेच असतील तर वाद्यापासून जेवढं अंतर त्याच्या तिप्पट अंतर दोन माईकमध्ये ठेवा, ४ इंचावर लावला तर १२ इंच, नाहीतर एकच ठोका दोघांत मागेपुढे पोचतो आणि आवाज पोकळ लागतो. बासरीला फुंकेच्या रेषेत माईक नको, थोडा वरून किंवा बाजूने, आणि मिक्सरवर लो कट (खालचा घुमणारा आवाज कापणारं बटण) दाबा. पेटीला वरून फूटभर लांब, भात्याच्या फार जवळ गेलात की फुसफुस येणार. सतारीला घोडीच्या आसपास रोख धरा, आवाज नाजूक असतो म्हणून घरच्या रेकॉर्डिंगला छोटा कंडेन्सर (बारीक आवाज टिपणारा माईक) बरा, फक्त त्याला ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे मिक्सरने केबलमधून दिलेली वीज, लागतं, मिक्सरला ते बटण आहे का आधी बघा. नाशिक ढोलाला मात्र माईक कशाला हवा असा माझा प्रश्न आहे, रेकॉर्डिंगच करायचं तर एसएम ५७ सारखा डायनॅमिक (फँटम न लागणारा माईक) घ्या आणि ३-४ पावलं मागे जा.

घेण्याआधी एक टेस्ट करा, फुकट आहे. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावून ब्लूटूथ स्पीकरवर सोडा, शक्यतो गच्चीवर, कारण खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो. कानाला हेडफोन, हातात माईक, हळूहळू गोल फिरवा. जिथे तानपुरा सगळ्यात बारीक होतो ती बहिरी जागा, माईक घेतलात की मार्करने त्याच्या अंगावर तिथे खूण करून टाका. खोक्यावरचं चित्र आणि हातातला माईक जुळत नसेल तर ठेवून द्या परत, शुअरच्याच एसएम ५८ या गाण्याच्या माईकचे नकली नग बाजारात भरपूर आहेत. मोठे कंडेन्सर बऱ्याचदा बाजूने ऐकतात, टोकाकडून नाही, एका पोराने अख्खं गाणं माईकच्या डोक्यात गायलेलं मी ऐकलंय.

आणि माईकच्या जाळीखालच्या खाचा झाकू नका, हाताने, चिकटपट्टीने कशानेच. त्या खाचांतून मागचा आवाज आत जातो म्हणूनच माईकला दिशा कळते, झाकल्या की तो चहूकडून ऐकायला लागतो आणि पुन्हा शिट्टी. आमच्याकडे एकदा सत्कार झाल्यावर झेंडूचा हार माईकलाच गुंडाळून ठेवला होता, बराच वेळ मी केबल बदलत बसलो. गोदाघाटावर उघड्यावर कार्यक्रम असेल तर फोमची टोपी न्याच, डायरेक्शनल माईकला वारा जरा जास्तच लागतो, आणि संध्याकाळी नदीवरून तो येतोच.