जर्मनीत आलात? आधी पत्रपेटीवर नाव लावा

सामान उघडण्याआधी पत्रपेटीवर आणि दारावरच्या बेलपाशी स्वतःचं आडनाव लावा. हसू नका. इथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो; पोस्टमन आडनाव शोधतो आणि ते नसलं की पत्र परत जातं. कर क्रमांक, विम्याची कागदपत्रं, रेसिडन्स कार्डाचा पिन, सगळं पोस्टानंच येतं. महिनाभर मित्राकडे राहणार असलात तरी त्याच्या नावाखाली तुमची चिठ्ठी हवीच.

मग आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांची मुदत. नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकानं सही केलेला वेगळा फॉर्म लागतो, आणि तो देणं त्याला कायद्यानं बंधनकारक आहे. ‘खोली देतो, पण आनमेल्डुंग होणार नाही’ असं म्हणणाऱ्याकडे भाडं कितीही कमी असो, तिकडे जाऊ नका. टर्मिन, म्हणजे कार्यालयातली भेटीची वेळ, दोन आठवड्यांनंतरचीच मिळाली, तर ती वेळेत मागितल्याची मेल जपून ठेवा. नोंद झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल: दर घरामागे महिन्याला 18.36 युरो. घरात टीव्ही नाही ही सबब चालत नाही.

खरी परीक्षा व्हिसा संपत आला की सुरू होते. आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी नागरिकांचे निवास परवाने देणाऱ्या कार्यालयाची, टर्मिन मोठ्या शहरांत लवकर मिळत नाही आणि मंडळी रात्री-अपरात्री वेबसाइट रिफ्रेश करत बसतात. महत्त्वाची टर्मिनची तारीख नसते, अर्जाची असते. व्हिसा संपण्याआधी अर्ज केलात, तर निवास कायद्याच्या कलम 81, उपकलम 4 नुसार निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू मानला जातो, नोकरीच्या परवानगीसकट. म्हणून ऑनलाइन अर्ज करून पोच सेव्ह करा. ती सोय नसेल तर पोच मिळेल अशा रीतीनं लेखी अर्ज पाठवा. त्यानंतर फिक्शन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मागून घ्या. दिवाळीचं तिकीट काढायच्या आधी त्यावरची खूण बघा. उपकलम 4 असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. उपकलम 3 असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही.

पासपोर्टही आधीच तपासा. त्याच्या मुदतीपलीकडचं रेसिडन्स कार्ड आउसलेंडरबेहोर्डेवाले देत नाहीत, त्यामुळे तो वर्षभरात संपणार असेल तर आधी नवा करून घ्या.

आपल्या नावांचाही इथं गोंधळ होतो. पासपोर्टात तुमच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल, तर इथं ते तुमचंच दुसरं नाव धरलं जातं. बँक, विमा, नोकरीचा करार, सगळीकडे पासपोर्टातल्यासारखंच लिहा. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर सासरचं असेल, तर ते भारतात असतानाच निस्तरा. अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, करून आणलं की झालं, असं एजंट सांगतील. पण अपोस्टील करारातल्या भारताच्या प्रवेशाला जर्मनीनं हरकत घेतली होती. त्यामुळे कागद मागणाऱ्या कार्यालयालाच तो कोणत्या स्वरूपात हवा ते लेखी विचारा, आणि जर्मनमध्ये विचारा. समोरच्या बाईंना इंग्रजी येत असलं तरी कामकाजाची भाषा जर्मनच. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं इथं भाव खातं.

पिवळ्या पाकिटात आलेलं, म्हणजे अधिकृतपणे बजावलेलं, पत्र त्याच दिवशी वाचा आणि पाकीट फेकू नका. पोस्टमननं त्यावर तारीख लिहिलेली असते आणि उत्तराची मुदत तिथपासून मोजतात.

ब्ल्यू कार्डवाल्यांनी, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना असलेल्यांनी, कायमच्या परवान्याची तयारी पहिल्या वर्षीच सुरू करावी. ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची जर्मन असेल तर तो 27 महिन्यांच्या नोकरीनंतर मिळू शकतो, बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची असेल तर 21. सहा महिन्यांच्या या फरकासाठी संध्याकाळचा क्लास लावणं परवडतं. पगाराच्या पावत्या ठेवाच; शिवाय पेन्शन विम्यात किती महिने पैसे भरले याचा उतारा लागतो. सातबारासारखाच तो महत्त्वाचा, फक्त त्यासाठी तलाठ्याला शोधावं लागत नाही. फुकट मिळतो, पोस्टानं येतो, तेव्हा अर्जाच्या दोनेक महिने आधी मागवून ठेवा.