कंपायलरच्या आयआरमध्ये कॉन्स्टंट कसे ठेवावेत

पार्सर चालतो, टाइप तपासले जातात आणि एसएसए स्वरूपातला (प्रत्येक व्हॅल्यूची व्याख्या एकदाच होते असा) इंटरमीडिएट कोड, म्हणजे आयआर, बाहेर पडतो, असं धरून चालू. आता त्यात ७, -१, ०.१ किंवा एखाद्या ग्लोबलचा पत्ता कसा ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे. "त्यात काय, नोडमध्ये एक ६४ बिटी फील्ड टाका" हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. त्या फील्डमधून निघालेले बग ऑप्टिमायझेशन चालू केल्यावरच दिसतात, आणि तेव्हा सगळे जण पासेस (आयआरवरून फिरून तो सुधारणारे टप्पे) तपासत बसतात. कॉन्स्टंटवर कुणाचाच संशय जात नाही.

१. ऑपरंड की इन्स्ट्रक्शन, ते आधी ठरवा

एलएलव्हीएम या कंपायलर संचात कॉन्स्टंट कुठल्याही ब्लॉकमध्ये (सलग चालणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या गटात) नसतो, तो थेट ऑपरंडच्या, म्हणजे इन्स्ट्रक्शनला दिलेल्या मूल्याच्या, जागी बसतो. एमएलआयआर आणि क्रेनलिफ्ट या दुसऱ्या कंपायलर साधनांमध्ये त्यासाठी वेगळी इन्स्ट्रक्शन लागते. पहिल्या पद्धतीत आयआर आटोपशीर राहतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक ऑपरंड कुठल्या ना कुठल्या इन्स्ट्रक्शनचा निकाल किंवा ब्लॉक पॅरामीटरच असतो, त्यामुळे पास लिहिताना कॉन्स्टंटसाठी वेगळा फाटा काढावा लागत नाही. पहिल्यांदा लिहीत असाल तर दुसरी पद्धत घ्या आणि सगळे कॉन्स्टंट एन्ट्री ब्लॉकच्या सुरुवातीला ठेवा. तो ब्लॉक बाकी सगळ्यांना डॉमिनेट करतो (कुठेही पोचायचं तर आधी त्यातूनच जावं लागतं), म्हणून व्याख्येआधी वापर झाल्याची तक्रार आयआर तपासणारा व्हेरिफायर करणार नाही.

२. पूर्णांक: रुंदी आणि बिट, तिसरं काही नाही

घोळ होतो तो इथेच. कॉन्स्टंट म्हणजे रुंदी आणि तेवढे बिट. चिन्ह त्याच्यात नसतं. ८ बिटांतलं ११११११११ हे २५५ आहे की -१, ते वाचणारं ऑपरेशन ठरवतं. बेरीज, वजाबाकी, त्याच रुंदीतला गुणाकार आणि बिटवाइज ऑपरेशन्स यांना साइन्ड-अनसाइन्डचा (चिन्हासह की चिन्हाविना वाचण्याचा) फरक पडत नाही. भागाकार, बाकी, उजवीकडचा शिफ्ट, लहान-मोठं तपासणं आणि रुंदी वाढवणं यांना पडतो, म्हणून त्यांची दोन-दोन रूपं ठेवा. साइन्ड असल्याची खूण टाइपवर किंवा कॉन्स्टंटवर लावू नका.

मग ६४ बिटांच्या खोक्यात ८ बिटी कॉन्स्टंट ठेवल्यावर वरच्या ५६ बिटांत काय असतं? नियम नसेल तर जे पडेल ते. फ्रंटएंड २५५ ठेवतो, एखादा पास -१ ठेवतो, आणि एकाच कॉन्स्टंटचे दोन नोड होतात. समान गणितं ओळखणारा पास ते चुकवतो, हे एकवेळ चालेल. पण फोल्डर, म्हणजे कॉन्स्टंटची गणितं कंपाइल करतानाच सोडवणारा भाग, "२५५ बरोबर -१ आहे का" याचं उत्तर "नाही" देतो आणि चालू असलेली शाखा मेलेली समजून उडवली जाते, हे चालणार नाही.

जवळून पाहा. ८ बिटी १२७ मध्ये १ मिळवा, आणि आयआरमधली बेरीज रुंदी ओलांडली की गुंडाळते असं ठरलेलं आहे. खोक्यात १२८ आला. पुढे साइन्ड तुलना आहे, "शून्याहून लहान का?". फोल्डर खोक्यातला १२८ पाहून "नाही" म्हणतो. प्रोसेसर तेच गणित ८ बिटी रजिस्टरमध्ये करतो, तिथे १००००००० हे -१२८ असतं, आणि उत्तर "हो" येतं. ऑप्टिमायझेशन बंद असताना एक उत्तर, चालू केल्यावर दुसरं.

उपाय असा. पूर्णांक कॉन्स्टंट बनवणारं फंक्शन एकच असावं आणि त्यानं रुंदीबाहेरचे बिट प्रत्येक वेळी शून्य करावेत. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवा, टेस्टसाठीही चोरवाट नको. जीसीसी कंपायलरच्या आरटीएल या आयआरमध्ये उलटा नियम आहे, तिथे साइन बिट वरपर्यंत पसरवतात. तोही चालतो, फक्त दोन्हींची भेसळ नको. आरटीएलचा दुसरा गुण मात्र उचलू नका: तिथल्या पूर्णांक कॉन्स्टंटवर स्वतःची रुंदी नसते, ती आजूबाजूच्या संदर्भावरून काढावी लागते. रुंदी कॉन्स्टंटवरच लिहा.

वाचायला दोन फंक्शन्स द्या, साइन्ड वाचणारं आणि अनसाइन्ड वाचणारं. नुसतं "व्हॅल्यू द्या" असं तिसरं ठेवलंत तर सगळे तेच वापरतील आणि निम्म्या ठिकाणी ते चूक असेल. १ बिटी कॉन्स्टंटकडे खास लक्ष द्या. १ बिटातलं "खरं" साइन्ड वाचलं तर -१ येतं, आणि ते साइन-एक्स्टेंड करून (नव्या बिटांत साइन बिट भरून) ३२ बिटी केलं तरी -१ च. बुलियन रुंद करताना झीरो-एक्स्टेंड (नव्या बिटांत शून्य) हवं.

आता मास्क, म्हणजे रुंदीबाहेरचे बिट शून्य करायला लागणारा आकडा. "१ ला रुंदीइतका डावीकडे शिफ्ट द्या आणि १ वजा करा" हे सूत्र ६३ बिटांपर्यंत बरोबर आहे. ६४ बिटी टाइप आला की ६४ चा शिफ्ट होतो, जो सी++ मध्ये अनडिफाइन्ड आहे (काय होईल याची हमी नाही). एक्स८६ प्रोसेसरवरची ६४ बिटी शिफ्ट इन्स्ट्रक्शन शिफ्टच्या आकड्याचे खालचे ६ बिटच पाहते, म्हणजे शिफ्ट शून्याचा, मास्क शून्य, आणि प्रत्येक ६४ बिटी कॉन्स्टंट शून्य. सगळे बिट १ असलेला ६४ बिटी आकडा (६४ - रुंदी) इतका उजवीकडे सरकवा, म्हणजे १ ते ६४ सगळ्या रुंदी नीट येतात.

फोल्डिंगची गणितं अनसाइन्डमध्ये करा आणि निकाल त्याच एका फंक्शनमधून न्या. साइन्ड ओव्हरफ्लो सी++ मध्येही अनडिफाइन्ड आहे. शून्याने भागाकार फोल्ड करू नका, इन्स्ट्रक्शन तशीच राहू द्या. सर्वांत लहान साइन्ड संख्या भागिले -१ हेही आधी तपासा: ६४ बिटांत हा भागाकार एक्स८६ वर ट्रॅप देतो (प्रोसेसर प्रोग्रॅम अडवतो), आणि तेव्हा वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम राहतो बाजूला, कंपायलरच कोसळतो.

३. फ्लोटिंग पॉइंट: बिट ठेवा, तुलनाही बिटांचीच करा

आधी बनवलेले कॉन्स्टंट शोधायच्या हॅश टेबलमध्ये फ्लोटची तुलना "==" ने केलीत तर +०.० आणि -०.० एकच ठरतात. १ ला +०.० ने भागलं तर धन अनंत येतं, -०.० ने भागलं तर ऋण अनंत. नॅन, म्हणजे 'संख्या नाही' ही खूण, तर स्वतःशीही समान नसतो, त्यामुळे तो टेबलमध्ये कधीच सापडत नाही आणि दर वेळी नवा नोड बनतो. बिट पूर्णांक म्हणून ताडून पाहिले की दोन्ही प्रश्न मिटतात.

"क्ष + ०.० म्हणजे क्ष" हेही खरं नाही. क्ष -०.० असेल तर नेहमीच्या राउंडिंगमध्ये बेरीज +०.० येते. क्ष + (-०.०) आणि क्ष - ०.० मात्र सुरक्षित आहेत.

३२ बिटी ०.१ आणि ६४ बिटी ०.१ या दोन वेगळ्या संख्या आहेत. सगळं डबलमध्ये (६४ बिटी फ्लोटमध्ये) ठेवून वर "फ्लोट" अशी चिठ्ठी लावू नका. रेंजबाहेरचा फ्लोट पूर्णांकात बदलणं कंपायलर चालवणाऱ्या मशीनवर सोडू नका: एक्स८६ एक ठरावीक खुणेची संख्या देतो, एआरएम टोकाच्या मूल्यावर थांबतो. जीसीसी एमपीएफआर ही गणिती लायब्ररी वापरतं आणि एलएलव्हीएमकडे स्वतःचं सॉफ्टवेअर फ्लोट आहे. आयआरच्या डंपमध्ये (छापील रूपात) डबलला १७ आणि फ्लोटला ९ सार्थ अंक लागतात. नॅनमधले बिट त्यातही हरवतात, म्हणून सरळ हेक्समध्ये छापा.

४. एका कॉन्स्टंटचा एकच नोड

टेबलची किल्ली म्हणजे टाइप आणि बिट. टाइप विसरलात तर ३२ बिटी पूर्णांक ० आणि ३२ बिटी +०.० एकच होतील.

५. पत्ते आणि मोठे अ‍ॅरे

ग्लोबलचा पत्ता हा आकडा नाही. तो "सिम्बॉल अधिक ऑफसेट" असा वेगळ्या प्रकारचा कॉन्स्टंट ठेवा, कारण किंमत लिंकर किंवा लोडर ठरवतो. "पत्ता आहे म्हणजे नल नाही" हेही गृहीत धरू नका, न सापडलेल्या वीक सिम्बॉलचा (व्याख्या नसली तरी चालणाऱ्या नावाचा) पत्ता शून्य असू शकतो. आकड्यांच्या मोठ्या अ‍ॅरेसाठी प्रत्येक घटकाचा नोड बनवू नका, सलग बाइट ठेवा.

६. मशीन कोडमध्ये उतरवताना

कॉन्स्टंट इन्स्ट्रक्शनमध्येच मावतो का, हे शेवटी बॅकएंडला विचारा. एक्स८६-६४ वर बहुतेक ठिकाणी ३२ बिट साइन-एक्स्टेंड होऊन मावतात. एआरएम६४ च्या बेरजेत १२ बिट मावतात, हवे तर १२ ने सरकवून. रिस्क-फाइव्हवर -२०४८ ते २०४७ मावतात. त्याहून मोठा आकडा तिथे दोन तुकड्यांत बनवावा लागतो, आणि खालचा तुकडा साइन्ड असतो हे विसरून अनेक जण अडकतात. ८१९१ म्हणजे ४०९६ अधिक ४०९५, पण ४०९५ मावत नाही. म्हणून वरचा तुकडा एकाने वाढवून ८१९२ घ्यायचा आणि खाली -१ मिळवायचा.

एन्ट्री ब्लॉकमध्ये ठेवलेले कॉन्स्टंट तिथेच रजिस्टरमध्ये भरू नका, नाहीतर सगळ्या फंक्शनभर रजिस्टर अडकतील. वापराच्या आधी भरा. रजिस्टर अपुरे पडून स्पिल करायची वेळ आली तर मेमरीत न ठेवता पुन्हा बनवा. फायमधला (कुठल्या ब्लॉकमधून आलो त्यानुसार मूल्य निवडणाऱ्या नोडमधला) कॉन्स्टंट मात्र ज्या ब्लॉकमधून येतो त्याच्या शेवटी, जंपच्या आधी, भरायचा.

७. तपासणी

८ बिटांत ऑपरंडच्या ६५,५३६ जोड्या होतात. प्रत्येक ऑपरेशनसाठी त्या सगळ्या फोल्डरमधून काढा, फोल्डिंग बंद करून प्रत्यक्ष चालवा आणि उत्तरं जुळवा. ज्या जोड्यांना आयआर अर्थच देत नाही, तेवढ्या वगळा. १, ३२ आणि ६४ बिटांसाठी ०, १, -१ आणि दोन्ही टोकांची मूल्यं घ्या. मास्कची चूक ६४ बिटांतच पकडली जाते, म्हणून ती रुंदी सोडू नका.