स्नायूंच्या संशोधनात यायचंय? आधी गोठवायला शिका

एमएस्सीचे निकाल लागले की मला दोन-चार फोन ठरलेले. "ताई, स्नायूंच्या आजारावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" विचारणारी पोरं बहुतेक आमच्याच जिल्ह्यातली, शिवाजी विद्यापीठातून बायोकेमिस्ट्री नाहीतर बायोटेक केलेली. दरवेळी तेच सांगते, म्हणून यंदा लिहूनच टाकते.

मी या वाटेला लागले ते एका पोराच्या पोटऱ्या बघून. आमच्या पेठेतला पाच वर्षांचा पोरगा, पोटऱ्या अशा भरलेल्या की तालमीपुढं बसणारी म्हातारी मंडळी म्हणायची, "पैलवान हुनार ह्यो." आजोबांनी कौतुकानं बैठका मारायला लावल्या. पोरगा मात्र सारखा पडायचा. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर, जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहतोय. सातवीत तो व्हीलचेअरवर आला. आजाराचं नाव डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. त्या भरलेल्या पोटऱ्यांत स्नायू कमी आणि चरबी अन् चिवट तंतुमय ऊती जास्त होत्या, हे मला एमएस्सीला कळलं. बैठकांनी नुकसानच झालं असणार, हेही. ताणत ताणत आकसणारा स्नायू या आजारात सगळ्यात जास्त फाटतो, आणि बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू नेमका तेच करतो.

मूळ कारण आता पाठ्यपुस्तकात आहे. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन स्नायूतंतूच्या आतल्या सांगाड्याला बाहेरच्या पडद्याशी बांधून ठेवतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून आजार होतो बहुतेक मुलग्यांनाच. ७९ एक्झॉनचं, म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेल्या ७९ तुकड्यांचं हे अवाढव्य जनुक, प्रथिनाला नाव मिळालं १९८७ साली. प्रथिन नसलं की पडदा फाटतो, कॅल्शियम आत घुसतं, तंतू मरतो. मग शेजारी झोपलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होऊन नवा तंतू बांधतात. तोही फाटतो. डागडुजी चालूच राहते, पण हळूहळू तिचा जोर ओसरतो आणि जागा चरबी घेते.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. नवी पोरं अडखळतात ती पुढं. सगळ्यांचं लक्ष तंतूवर, आणि त्याला रक्त पोचवणाऱ्या केशवाहिनीकडं कुणी बघत नाही. सॅटेलाइट पेशी बहुतेक वेळा केशवाहिनीला चिकटूनच बसलेल्या असतात. वाहिनीच्या पेशी त्यांना वाढीचे संदेश देतात, आणि त्या उलट व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडून वाहिन्यांना बोलावतात. गवंडी आणि सिमेंटची गाडी यांचं जे नातं, तेच. शिवाय डिस्ट्रॉफिन गेलं की त्याच्या आधारानं पडद्याशी बसणारं, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमही तिथून जातं. एरवी काम करणाऱ्या स्नायूत या नायट्रिक ऑक्साइडमुळं वाहिन्या सैल राहतात, त्या इथं आवळलेल्याच राहतात. म्हणजे स्नायू राबतो तेव्हाच उपाशी.

यावरून दोन गोष्टी झाल्या. २०१० साली उंदरांत दिसलं, की व्हीईजीएफला अडकवून ठेवणारा एफएलटी-१ हा ग्राहक (पेशीवरचं संदेश धरणारं प्रथिन) निम्मा केला तर केशवाहिन्या वाढतात आणि स्नायूही सुधारतो. दुसरी गोष्ट टाडालाफिलची. हे औषध नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम लांबवतं, उंदरांत आशा दिसली होती. पण ३३१ मुलांवर ४८ आठवडे देऊनही चालण्याची घसरण थांबली नाही. २०१७ सालचा तो पेपर येणाऱ्या प्रत्येकानं वाचावा असं माझं मत आहे, यशाचे पेपर वाचायच्या आधी.

आता हाताच्या कामाचं.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायला स्नायू गोठवून त्याचे पातळ काप, म्हणजे सेक्शन, घ्यावे लागतात. माझं पहिलं वर्ष वाया गेलं ते गोठवण्यात. उंदराचा पोटरीचा स्नायू काढला आणि मी तो थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकला. मला त्या कॅनची भीती कधीच नव्हती. मामाच्या गावी म्हैस भरवायला डॉक्टर यायचे तेव्हा झाकण उघडल्यावर निघणारा पांढरा धूर आणि त्यातून चिमट्यानं काढलेली वीर्याची कांडी मी लहानपणापासून बघितलेली. तोच कॅन, तोच धूर, त्यामुळं वाटलं, यात काय शिकायचंय? सेक्शन कापले, रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर प्रत्येक तंतूत भोकं. जाळीदार आंबोळीच. मला वाटलं आजारच दिसतोय! सीनियरनं निरोगी उंदराची स्लाइड शेजारी ठेवली. तिच्यातही तीच भोकं.

तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, ते का? खाली वाफेची गादी तयार होते. उणे १९६ अंशाच्या नायट्रोजनला कोमट स्नायू म्हणजे तापला तवाच. भोवती वाफ लपेटली की स्नायू सावकाश गोठतो, बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि तंतू फुटतात. म्हणून छोट्या भांड्यात आयसोपेंटेन घ्यायचं, ते भांडं नायट्रोजनमध्ये धरायचं, तळाला पांढरं गोठायला लागलं की स्नायू त्यात बुडवायचा. त्याआधी टिपकागदानं स्नायूवरचं पाणी टिपायचं. आयसोपेंटेन पटकन पेट घेतं, आणि नायट्रोजन बंद खोलीत ओतायचा नाही, खोलीतला ऑक्सिजन कमी होतो. मी आधी महिनाभर बाजारातल्या कोंबडीच्या तुकड्यांवर हात बसवला. तुम्हीही तेच करा, उंदीर फुकट घालवू नका. प्राण्यांवरच्या कामाला आधी नैतिक समितीची मंजुरी लागते, आणि ती लागायलाच हवी.

मग मोजणी. सीडी३१ या, वाहिनीच्या पेशींवर असणाऱ्या प्रथिनाच्या खुणेनं केशवाहिन्या रंगवायच्या आणि मोजायच्या. इथं एक खड्डा आहे, त्यात मी पडले. दर चौरस मिलिमीटरला केशवाहिन्या वाढलेल्या दिसल्या, मी आनंदानं आलेख काढला. गाइडनी एवढंच विचारलं, "तंतू बारीक झालेत का बघितलंस?" झाले होते. ऊस रोडावला की एकरात जास्त मावतो, तसं. नवी वाहिनी एकही नव्हती. म्हणून दर तंतूमागं किती वाहिन्या, हेही मोजायचं. स्लाइडवरची नावं दुसऱ्याकडून झाकून घ्यायची, नाहीतर आपल्याला हवं तेच दिसतं. आणि वाहिनी दिसली म्हणजे तिच्यातून रक्त वाहतंय असं नाही. व्हीईजीएफ बेसुमार झालं तर वाहिन्या गळक्या, गुंतलेल्या होतात.

एमडीएक्स, म्हणजे डिस्ट्रॉफिन नसलेला उंदीर १९८४ पासून वापरात आहे. त्याचे पायाचे स्नायू बऱ्यापैकी सावरतात, मुलांचे सावरत नाहीत. म्हणून श्वासपटल आवर्जून बघा. आजाराचं खरं रूप उंदरात तिथं दिसतं.

परीक्षांचं थोडक्यात: सीएसआयआर-नेट, आयसीएमआर, डीबीटी, यातल्या जेआरएफसाठीच्या ज्या होत असतील त्या सगळ्या द्या. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी शिष्यवृत्ती, २०२३ साली पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं अशी ठरली, पण कधीकधी ती चार-सहा महिने अडकते. तेवढे पैसे हाताशी ठेवून परगावी जा. लॅबला मेल करताना त्यांचा एक पेपर वाचून त्यातल्या एका आकृतीवर खरा प्रश्न विचारा. "मला संशोधनाची आवड आहे" अशा मेलला माझ्या गाइड उत्तर देत नसत.

आणि एक. तुम्ही यात काम करता हे कळलं की पालक फोन करतात. उंदरांतला निकाल त्यांना औषध म्हणून सांगू नका. स्टेरॉइड, फिजिओथेरपी, हृदयाची तपासणी याबाबत डॉक्टरांकडं पाठवा, आईची जनुकीय तपासणी झालीय का विचारा. आजारी मुलाला धाकटा भाऊ आहे का, तेही विचारा. आमच्या पेठेतल्या काकू अजून दारात भेटतात. "निघालं का गं काही?" म्हणतात. मी सांगते, "मोजतेय काकू." त्या चहा ठेवतात.