खराट्याच्या काडीवरची चिगळी

मधल्या सुट्टीची घंटा झाली की आम्ही फाटकाकडं पळायचो. आमचं अक्कलकोट सीमेवरचं, अर्धी शाळा घरी कन्नड बोलणारी. फाटकापाशी एक आज्जी पाटी मांडून बसायची. बोरं, तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, विलायती चिंचा आणि ओल्या फडक्याखाली खराट्याच्या काडीला लावलेली चिगळी, म्हणजे चिंच-गूळ कुटून केलेला आंबटगोड गोळा. 10 पैशाला एक. घरी कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणी तिला हुणसे चिगळी म्हणायच्या; हुणसे म्हणजे चिंच. त्यांच्याकडं तीळ-गूळ कुटून केलेल्या लाडवालाही चिगळीच म्हणतात. म्हणून माझ्या मनात चिगळी म्हणजे कुटलेलीच, शिजवलेली नव्हे. आता कुणी गुळाचा पाक करून त्यात चिंच घालतात. ते वेगळं काहीतरी होतं, त्याला चिगळी म्हणू नये.

चिंच नवी घ्या. फेब्रुवारी-मार्चात झाडावरून उतरलेली, तांबूस, बोटानं दाबली की दबणारी. मीठ लावून वर्षभर ठेवलेली काळी चिंच आमटीला चालते, चिगळीला नाही. पाव किलो चिंचेतले चिंचोके, शिरा, टरफलाचे कण काढा. इथं घाई करू नका, एक कण राहिला तरी दाताखाली येतो. त्याला 200 ग्रॅम किसलेला साधा गूळ (चिकीचा नको), दोन चमचे भाजलेलं जिरं, दीड चमचा खडेमीठ, एक चमचा लाल तिखट.

खल दगडी हवा. पितळी नको, ज्या चिंचेनं आपण समई घासतो तीच ही चिंच. आधी जिरं आणि मीठ कुटा, मग तिखट, मग मूठ-मूठ चिंच. सुरुवातीला चिंच बत्त्याला चिकटून वर येते. बोटानं खाली ओढायची, परत कुटायचं. पाणी घालावंसं वाटेल, घालू नका. मिक्सरमध्ये पातं अडकतं, म्हणून पाणी घातलं जातं आणि चटणी होते. शेवटी गूळ. तो पाघळायला लागला की चिंचेचे धागे दिसेनासे होतात, रंग तांबडा-काळपट होतो, वर तुकतुकी येते. बत्ता उचलताना चट् असा आवाज आला की थांबा.

हाताला तेलाचं बोट लावून लिंबाएवढे गोळे करा आणि काडीभोवती दाबून बसवा. खराट्याच्या काड्या नवीन असतील तर धुऊन, उकळून, वाळवून वापरा. नाहीतर आइस्क्रीमच्या काड्या आहेतच.

माझ्या जाऊबाई अमरावतीच्या. मी पहिल्यांदा चिगळी केली तेव्हा त्यांना हे नाव नवीन होतं, पण विलायती चिंचेचं नाव निघताच म्हणाल्या, "अगं, ती आमची चिचबिलाई!" गुलाबी-पांढऱ्या वेटोळ्या चिंचेला इतकं गोड नाव मी ऐकलंच नव्हतं. आता आमच्या घरातली मुलं दोन्ही शब्द बोलतात. चिगळी करताना मुलांना शेजारी बसवा, चिंचोके त्यांनाच काढू द्या आणि तुमच्या गावाकडचं नाव तेव्हाच सांगा. हात चिकट असताना ऐकलेला शब्द माझ्या तरी अजून लक्षात आहे.

गोळे काचेच्या बरणीत ठेवा. पहिल्या दिवशी जिरं पुढं येतं. तिसऱ्या दिवशी आंबट, गोड, तिखट एक होतं. आज्जीची चिगळी तशी लागायची.