बेसमेंटमध्ये फ्लोअरिंग टाकताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत घर घेतलं की पुढच्याच महिन्यात बेसमेंट फिनिश करायचे, म्हणजे तळघर राहण्याजोगं करायचे बेत सुरू होतात. मे महिन्यात आई-बाबा येणार, सप्टेंबरात गणपतीला माणसं येणार, त्याआधी सगळं व्हायला हवं. मग दुकानात जाऊन रंग पसंत केला जातो आणि ओलीचा विषय कुणी काढतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून व्हिनाइल प्लँक (लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या) थेट काँक्रीटवर टाकणं. वरून चहा सांडला तर प्लँकला काही होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. काँक्रीट खालच्या मातीतली ओल शोषून वर सोडत असतं, आणि बऱ्याच जुन्या घरांत स्लॅबखाली, म्हणजे बेसमेंटच्या काँक्रीटच्या जमिनीखाली, प्लास्टिकचा थर नसतोच. वर प्लँक बसली की ती ओल तिथेच कोंडते.

माझ्या एका मित्राने जानेवारीत घर घेतलं. स्लॅब कोरडा ठणठणीत दिसत होता. इन्स्टॉलर म्हणाला, टेस्टबिस्ट काही नको, शनिवार-रविवारात काम उरकतो. उरकलंही. ऑगस्टमध्ये जिना उतरतानाच कोंदट वास यायला लागला. नव्या सोफ्याचा असेल म्हणून सगळे गप्प बसले. शेवटी आम्ही कोपऱ्यातल्या प्लँक उचलल्या. पाठीच्या फोमवर काळी बुरशी, स्लॅबवर लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुललेला आणि बोट फिरवलं तर गार, चिकट ओल. बाहेर जाऊन पाहिलं, तर त्याच कोपऱ्यावर गटरचा डाउनस्पाउट, म्हणजे छपराचं पाणी खाली आणणारा पाइप, भिंतीच्या पायथ्याशी तुटलेला. छपराचं सगळं पाणी घराच्या पायात मुरत होतं. थोडक्या डॉलरांचा पाइप जोडला असता तर अख्खं फ्लोअरिंग वाचलं असतं.

म्हणून मी आधी घराबाहेर फिरतो, तेही पाऊस पडत असताना. डाउनस्पाउटचं पाणी भिंतीपासून पाच-सहा फूट लांब पडलं पाहिजे आणि पहिल्या 10 फुटांत जमीन 6 इंच उतरली पाहिजे. मग दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन स्लॅबवर चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा. किमान 16 तास लागतात, मी दोन-तीन दिवस ठेवतो. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालं, की काम थांबवायचं. काही दिसलं नाही तरी लगेच ऑर्डर देऊ नका. स्लॅबला भोक पाडून आतली आर्द्रता मोजणारी टेस्ट करून घ्या आणि तो आकडा फ्लोअरिंग कंपनीच्या मर्यादेशी ताडून पाहा. वेळ नाही म्हणणाऱ्या इन्स्टॉलरला मी काम देत नाही.

दुसरी चूक आपल्या सवयीतून येते. वास आला की खिडक्या उघडा, हवा खेळू द्या. जुलैत इथे हे उलटं पडतं. बाहेर 85 अंश फॅरनहाइट आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा 70 अंशांच्या आसपास थंड झाली की पाणी सोडते. बेसमेंटचा स्लॅब बहुधा त्याहून गार असतो. म्हणजे खिडकी उघडून आपणच ओल आत बोलावतो. खिडक्या बंद ठेवा, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं मशीन) 50 टक्क्यांवर लावा आणि त्याची नळी थेट ड्रेनमध्ये सोडा. बादली रिकामी करायला कुणालाच आठवत नाही, आणि ती भरली की मशीन बंद पडतं.

सॉलिड हार्डवूड, म्हणजे अख्ख्या लाकडाच्या फळ्या, बेसमेंटसारख्या जमिनीच्या पातळीखालच्या जागेत टाकूच नका. स्लॅबवर पॅडसकट कार्पेट म्हणजे बुरशीला निमंत्रण. भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग फासला तर बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्याचे पापुद्रे निघतात. जुन्या घरात 9 इंची टाइल्स दिसल्या तर खरवडू नका. त्यात किंवा खालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते) असू शकतं, आधी नमुना तपासा. रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची, टेस्टही फ्लोअरिंगआधीच करा. हवेच्या लिटरमागे 4 पिकोक्युरीच्या (किरणोत्सर्गाचं एकक) वर निघालं तर तो वायू बाहेर काढणारा पाइप घालायला बहुधा स्लॅब फोडावा लागतो.

मला विचाराल तर पोर्सलिन टाइल आणि वर उचलून वाळवता येईल असा गालिचा. पाय गार पडतात ही तक्रार खरी आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी खाली खळगेदार प्लास्टिकचा थर असलेलं सबफ्लोअर टाकून मग प्लँक घ्यावी, पण स्लॅब कोरडा निघाल्यावरच. आणि संप पंपाला, म्हणजे बेसमेंटच्या खड्ड्यात जमलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाला, बॅटरी बॅकअप हवाच. वादळात वीज जाते तेव्हाच पाणी चढतं, 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसात इथली कितीतरी बेसमेंट बुडाली. साध्या होम इन्शुरन्समध्ये पूर येत नाही आणि संप तुंबून आलेल्या पाण्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं, तेव्हा एजंटला आजच फोन करा.